जरा उन्हात धरा

‘पोपटी द्या’ एवढंच म्हणून गिऱ्हाईक स्टुलावर बसलं, की मी कधी एक ताका काढला नाही, नऊ काढले. कैरीकडे झुकणारा पोपटी, लिंबाकडे झुकणारा, केळीच्या कोवळ्या पानाचा, मेंदीच्या जरा अलीकडचा, शेवाळीच्या उंबऱ्यावर येऊन उभा राहिलेला. वहिनी एकेक ताका साडीच्या काठाशी लावणार, मान तिरकी करणार आणि म्हणणार, ‘जवळजवळ आहे हो शेठ, पण हा नव्हे.’ मॅचिंगच्या धंद्यात ‘जवळजवळ’ हा शब्द ‘नाही’पेक्षा वाईट. नाही म्हटलं की विषय संपतो. जवळजवळ म्हटलं की दहावा ताका काढावा लागतो.

मग शेवटचा इलाज. साडी आणि दोन ताके काखेत मारून दुकानाच्या पायरीवर यायचं. ‘ट्यूबलाइटमध्ये रंग खोटं बोलतो, वहिनी. जरा उन्हात धरा.’ उन्हात धरलं की दोनांतला एक ताका आपोआप मान खाली घालायचा. सांगलीत चौतीस वर्षं मी हेच वाक्य बोललो. झोपेतसुद्धा बोलता, असं घरी ही सांगते.

आणि एवढं करून त्या चौतीस वर्षांत मी एकदाही पोपट उन्हात पाहिला नव्हता. पोपटी विकत होतो, पोपटाकडे बघत नव्हतो. हे उघडकीला आलं ते दुकान मुलाच्या हाती देऊन मी जलरंगाच्या क्लासला जायला लागल्यावर. पहिल्याच महिन्यात सर म्हणाले, ओळखीचा एखादा पक्षी काढून आणा. मी मनात म्हटलं, रेषेचं ठाऊक नाही, पण रंगाच्या बाबतीत आपल्याला कोण शिकवणार? झोकात पोपट काढला. डबीतला तयार हिरवा, त्यात थोडा लेमन यलो, लालभडक चोच, गळ्यात कंठ. सर माझ्या मुलाच्या वयाचे. त्यांनी बराच वेळ चित्राकडे पाहिलं आणि अतिशय नम्रपणे म्हणाले, ‘काका, सुंदर आहे. पण हा पैठणीवरचा आहे.’

खरंच होतं. पैठणीच्या काठावर जी मुनिया विणतात, तीच हुबेहूब माझ्या कागदावर येऊन बसली होती. एकच हिरवा, कडेने रेघ, चोचीला लाल टाका. माझा पोपट झाला, आणि तोही पोपटाकडूनच.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली बसलो. ते आले. पेरू खाण्यापेक्षा पाडण्यातच त्यांना रस जास्त, पण त्या दिवशी मी हाकललं नाही. पाठ हिरवी, हे कबूल. पण मानेच्या मागे, कंठाच्या जरा वर, हिरव्यावर निळी भुकटी उडाल्यासारखी. पोट फिकट, मुगाच्या भिजवलेल्या डाळीसारखं. पंखाची कडा गडद. शेपूट वरून निळसर आणि उडताना खालून दिसली ती पिवळट. एका पक्ष्याला मॅचिंग द्यायचं तर मला सहा ताके काढावे लागले असते, आणि या सहांतल्या एकालाही मी दुकानात पोपटी म्हटलं नसतं.

याच सुमारास नातीच्या शाळेत प्रोजेक्ट निघालं: धोक्यात आलेले पक्षी. तिने पोपट निवडले, कारण घरात ‘पोपट काढणारे आजोबा’ होते. चार दिवसांची मुदत, चार पोपट. यादी तिनेच केली: न्यूझीलंडचा काकापो, ब्राझीलचे दोन निळे मकाव आणि आपल्याकडचा तो मोठा पोपट, खांद्यावर तांबडा डाग असलेला.

सुरुवात काकापोपासून केली, हीच चूक झाली. हा पोपटांच्या घराण्यातला सगळ्यांत वजनदार पक्षी. नर चार किलोंपर्यंत भरतो, उडता येत नाही, रात्री हिंडतो आणि तोंडावळा घुबडासारखा. मी फोटो पाहून म्हटलं, शेवाळी! आणि रंगवायला बसलो. तासाभराने लक्षात आलं, की शेवाळी म्हणजे आपण ज्याला शेवाळी म्हणतो तो सपाट ताका इथे नाही. इथे खरोखरीचं शेवाळच आहे. प्रत्येक पिसावर पिवळट, तपकिरी आणि काळपट आडव्या रेघा, कुठे तुटलेल्या, कुठे पसरलेल्या. चेहऱ्याकडे गवताच्या वाळल्या काडीचा रंग. जवळून बघितलं तर हिरवा सापडत नाही, लांबून बघितलं तर हिरव्याशिवाय काही दिसत नाही. विणकराने असं कापड विणून आणलं असतं तर मी ‘डाग पडलाय’ म्हणून परत पाठवलं असतं.

हा रंग त्याचं चिलखत होता. वरून शिकारी पक्षी आला की काकापो जागच्या जागी थिजून उभा राहतो. गरुडाला खाली शेवाळ दिसतं आणि तो पुढे जातो. लाखो वर्षं हे चाललं. मग माणसांबरोबर उंदीर, मांजरं आणि स्टोट नावाचा मुंगसासारखा लांबट प्राणी आला. हे सगळे नाकाने शिकार करतात, आणि काकापोच्या अंगाला गोडसर, मधासारखा वास येतो. मॅचिंग कितीही अचूक असो, वासापुढे काय उपयोग? 1894 पासून रिचर्ड हेन्री नावाच्या एका रखवालदाराने शेकडो काकापो होडीतून रेझोल्यूशन नावाच्या बेटावर नेऊन सोडले. काही वर्षांत स्टोट पोहत तिथेही पोहोचले. 1995 साली जगात 51 काकापो उरले होते. तिथून मोजून मापून, अंडी सांभाळून, प्रत्येकाला नाव देऊन 2022 साली आकडा अडीचशेच्या वर नेला. आमच्या दुकानाच्या उधारीच्या वहीत याहून जास्त नावं होती. फरक इतकाच, की त्यांतली निम्मी आम्हाला सापडत नव्हती. न्यूझीलंडवाल्यांना आपला प्रत्येक पक्षी कुठे आहे ते ठाऊक असतं.

त्यातही गंमत अशी, की 2024 साली संशोधकांनी जाहीर केलं, काकापोत दोन रंगांचे पक्षी आहेत, एक हिरवे आणि एक ऑलिव्ह. फरक पिसाच्या सूक्ष्म बांधणीतला, त्यामुळे प्रकाश किंचित वेगळा परततो. कधीकाळी गरुडांची नजर चुकवायला ही दुहेरी सोय कामी येत असावी, असा त्यांचा अंदाज. ते गरुड केव्हाच संपले, रंग राहिले. मी हे नातीला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, ‘आजोबा, मग तुम्ही कुठला काढताय?’ मी पुन्हा फोटो बघायला बसलो. दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी मी क्लासला काकापो घेऊन गेलो आणि सरांना विचारलं, हा हिरवा कुठल्या ट्यूबमध्ये मिळतो? सर म्हणाले, ‘काका, पोपटाच्या अंगात हिरवा रंग नसतोच.’ मला वाटलं, थट्टा चालली आहे. पण त्यांनी मला एक पुस्तक दिलं आणि ते मी रात्री जागून वाचलं.

गोष्ट अशी आहे. पोपटाच्या पिसात पिवळं रंगद्रव्य असतं, लालही असतं. पोपटांखेरीज दुसऱ्या कुठल्याही पक्ष्यात न सापडलेलं हे द्रव्य. त्याला सिटॅकोफल्विन म्हणतात. फ्लेमिंगो आपला गुलाबी रंग अन्नातून मिळवतो. पोपट मात्र हा रंग स्वतःच्या अंगात तयार करतो. उसनवारी नाही. पण निळा आणि हिरवा? निळं रंगद्रव्य नाहीच. पिसाच्या तंतूंमध्ये केराटिनचं, म्हणजे आपली नखं ज्या जातीच्या प्रथिनाची असतात त्याचं, स्पंजासारखं बारीक जाळं असतं. प्रकाश त्यात शिरतो, निळा तेवढा उलटून बाहेर येतो, आणि बाकीचा खालच्या काळ्या थरात जिरतो. हा निळा पिवळ्यातून गाळून आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतो, तो हिरवा. पिवळं काढून घ्या, पोपट निळा होतो. काळं काढून घ्या, पिवळा होतो. आपण ज्यांना हौसेने लव्हबर्ड म्हणतो आणि जे बहुतेक वेळा बजरिगार असतात, त्यांच्यातले निळे आणि पिवळे हे असेच झालेले.

हे वाचून मी अंथरुणातच उठून बसलो, कारण हे मला ठाऊक होतं. धूपछाव! उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. कापडात तिसराच रंग दिसतो, आणि पदर हलला की तो पळतो. धूपछाव साडीला मॅचिंग नसतं. ‘मिळेल’ म्हणणारा दुकानदार खोटं बोलतो, आणि मी कित्येक वर्षं ‘मिळेल’ म्हणत आलो. ज्या काकूंना निळ्या-पिवळ्या धूपछावीवर मी हिरवं ब्लाऊजपीस गळ्यात मारलं आणि ज्या ते दुसऱ्या दिवशी परत घेऊन आल्या, त्यांची मी इथे जाहीर माफी मागतो. त्या बरोबर होत्या.

दुसऱ्या दिवसापासून मी हिरव्या ट्यूबचं झाकण उघडलं नाही. कागदावर आधी पातळ निळा द्यायचा, पूर्ण वाळू द्यायचा (हेच अवघड, माणूस फुंकर मारत बसतो), मग वरून पिवळ्याचा एक झिरझिरीत हात. पक्षी जसा होतो तसाच कागदावर करायचा. जिथे पिवळा कमी पडतो तिथे मानेवरची ती निळी भुकटी आपोआप उमटते. पहिल्यांदा उमटली तेव्हा मी हिला स्वयंपाकघरातून हाक मारली. ती हात पुसत आली, बघितलं, आणि म्हणाली, ‘आनंदी रंग आलाय. तुमच्या ताईंच्या डोहाळजेवणाच्या साडीचा.’ ताईंचं डोहाळजेवण 1981 सालचं. बायकांच्या या स्मरणशक्तीवरच माझं दुकान चाललं.

प्रोजेक्टची मुदत दरम्यान संपली. नातीने इंटरनेटवरून चार पोपट छापून चिकटवले आणि तिला ‘उत्तम’ मिळालं. मी मात्र यादी सोडली नाही.

तिच्या यादीतल्या दोन निळ्या मकावांपैकी एक स्पिक्सचा मकाव. राखी डोकं, अंगाला पावसाळी आभाळाचा निळा. रानातला शेवटचा नर 2000 साली दिसेनासा झाला. बंदिवासात वाढवलेले काही 2022 साली ब्राझीलच्या कुरासा भागात पुन्हा सोडले. याचं चित्र मला एका बैठकीत जमलं, कारण हा रंग आमच्याकडे पारव्याच्या खणात होता. पण दुसऱ्या मकावाने मला एका माणसाची ओळख करून दिली, आणि त्याच्यापाशी मी बरेच दिवस थांबलो.

एडवर्ड लिअर. जगाला हा विनोदी कवितांसाठी माहीत आहे. गंमतशीर, अर्थाला बगल देणाऱ्या कविता. पण 1830 साली, अठरा वर्षांचा असताना, त्याने लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन फक्त पोपट रंगवायला घेतले. त्या काळी चित्रकार भुसा भरलेले पक्षी समोर ठेवून चित्रं काढत. हा जिवंत पक्षी मागे. रखवालदार पक्षी धरून बसे आणि हा पंखाची, शेपटीची मापं घेई. रेखाटनाच्या कडेला रंगाच्या नोंदी लिही, अगदी शिंप्याच्या वहीसारख्या, आणि जे लोक पोपट सोडून याच्याकडेच टक लावून बघत, त्यांची थट्टाचित्रं तिथेच काढून ठेवी. 1832पर्यंत 42 चित्रं झाली. 175 प्रती काढायच्या होत्या, वर्गणीदार जमवले होते. पैसे संपले, काम तिथेच थांबलं. त्या 42 चित्रांत आपल्या सह्याद्रीतला निळ्या पंखांचा पोपटही आहे.

पिसांची चकाकी आणायला त्या छापील चित्रांवर रंगकाम करताना अंड्याचा पांढरा बलक वापरला होता, असं वाचलं आणि माझी झोप उडाली. आमच्या घरात अंडं येत नाही. मी पिशवीच्या तळाशी लपवून एक आणलं. हिने पिशवी रिकामी करताना ते काढलं आणि काही न बोलता ओट्याच्या अगदी कडेला ठेवलं. ‘चित्रासाठी आहे,’ मी म्हटलं. नात लगेच म्हणाली, ‘चित्राला चालतं, मग तव्याला का नाही?’ त्यावर घरात जी चर्चा झाली ती इथे देत नाही. बलक लावला. चकाकी सुरेख आली. सकाळी उठून पाहतो तर काळ्या मुंग्यांची रांग काकापोच्या पाठीवरून शेपटीकडे निघालेली, आणि खरं सांगतो, त्या रांगेमुळे पाठीवरच्या तुटक रेघा पहिल्यांदाच बरोबर दिसत होत्या.

तर लिअरचा निळा मकाव. चित्राखाली त्याने नाव लिहिलं हायसिंथ मकाव. हायसिंथ म्हणजे मीटरभर लांबीचा, गर्द कोबाल्ट निळा, ठाऊक असलेला पक्षी. लिअरचा पक्षी लहान, डोकं हिरवट राखी, आणि चोचीच्या मुळाशी थेंबाच्या आकाराचा फिकट पिवळा ठिपका. त्याला दिसलं ते त्याने रंगवलं. 1856 साली बोनापार्त या पक्षितज्ज्ञाच्या, हा नेपोलियनचा सख्खा पुतण्या, लक्षात आलं की चित्रातला पक्षी हायसिंथ नव्हेच, ही वेगळीच जात आहे. त्याने तिला लिअरचं नाव दिलं. रंग नेमका होता, चिठ्ठी चुकली होती. आमच्याकडे अशी चूक झाली तर ताका परत जातो. इथे माणूस पक्ष्याच्या नावात जाऊन बसला. हे पक्षी रानात राहतात कुठे, ते मात्र 1978च्या अखेरीला ब्राझीलच्या बाहिया प्रांतात सापडलं. वालुकाश्माच्या कड्यांमध्ये घरटी, आणि लिकुरी नावाच्या पामाची फळं हे मुख्य अन्न. पाम तोडले गेले, पिल्लं चोरून विकली गेली, शंभरसुद्धा उरले नव्हते. आता दोन हजारांच्या आसपास आहेत.

हाच लिअर पुढे, एकसष्ट वर्षांचा असताना, 1873च्या नोव्हेंबरात मुंबईत उतरला आणि पुढे हिंदुस्थानभर निसर्गचित्रं काढत फिरला. इथले शब्द कानावर पडले ते त्याने एका कवितेत वापरले. त्यात बाई धोब्यावर बसलेली आहे आणि तिच्या अवतीभवती खानसामे झाडांसारखे उंच वाढले आहेत. डोळ्याने इतका काटेकोर माणूस कानाने इतका बेफिकीर असू शकतो, हे वाचून मला फार बरं वाटलं.

त्याच्या त्या निळ्या पंखांच्या पोपटासाठी मी गेल्या पावसाळ्यानंतर आंबोलीला गेलो. हा पोपट जगात फक्त आपल्या पश्चिम घाटात. शास्त्रीय नावात त्याला पारव्यासारखा म्हटलंय, आणि आपणही त्या रंगाला पारवाच म्हणतो. लॅटिनवाल्यांची आणि साडीवाल्यांची बैठक कधी झाली कोण जाणे. दोन दिवसांत तो एकदाच, मिनिटभर, निष्पर्ण फांदीवर नीट बसला. डोकं आणि छाती पारवा. पंखाच्या टोकाकडे निळा. आणि नराच्या गळ्यात काळ्या कंठाखाली एक पट्टी, जिला निळी म्हणावं तर हिरवी आणि हिरवी म्हणावं तर निळी. ढग सरकला, ऊन पडलं, आणि ती पट्टी नुसती पेटली. ढग आला, पट्टी गेली. माझ्या तोंडून निघालं, ‘जवळजवळ मोरपंखी.’ शेजारी दुर्बीण घेऊन उभा असलेला मुलगा म्हणाला, ‘काका, तो मोर नाही.’

यादीत एकच उरला. आपल्याकडचा मोठा पोपट. त्याला काढायला मी अजून बसलेलो नाही. लहानपणी दुकानाच्या ओसरीवर वडिलांनी एक मिठू टांगला होता. गिऱ्हाइकांना ‘या, बसा’ म्हणायचा. खांद्यावर तांबडा डाग होता, तेवढं पक्कं आठवतं, म्हणजे तो याच जातीचा. घरट्यांतून पिल्लं काढून विकल्यामुळे या जातीची संख्या घटत गेली. 1972च्या कायद्याने आपल्या रानातले पोपट असे पिंजऱ्यात ठेवणं आता गुन्हा आहे, पण तेव्हा तो गुन्हा वाटत नव्हता. देवळाबाहेरचा जोतिषीसुद्धा पोपटाकडूनच चिठ्ठ्या उचलून घेई. बारा वर्षं तो माझ्या डोक्यावर टांगलेला होता. दिवसातून शंभरदा मी त्याच्याखालून गेलो असेन. डोळे मिटून त्याचा रंग आठवायला बसलो, की मानेचा कोणता, पोटाचा कोणता, काही सांगता येत नाही. पोपटी, एवढंच येतं.

पिंजरा ओसरीच्या आतल्या बाजूला होता. तिथे ऊन येत नसे.

काकापोचं चित्र मुलाने दुकानात गल्ल्याच्या वर लावलं आहे. परवा एका ताईंनी पर्स उघडता उघडता त्याच्याकडे बोट केलं आणि विचारलं, ‘हा पाठीचा रंग टू बाय टूमध्ये येतो का?’ मुलगा सवयीने ‘येईल’ म्हणणार होता. मी मध्येच ‘नाही’ म्हटलं. मग त्यांना राहवेना म्हणून शेवाळीचे चार ताके काढले आणि आम्ही सगळे पायरीवर गेलो.

तुम्हालाही मॅचिंगला यायचं असेल तर दुपारी चारच्या आत या. त्यानंतर आमच्या गल्लीत ऊन राहत नाही.